जेकबाबादची गोळी

माझे थोरले मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या खात्यातल्या मंडळींनी त्यांना एक सागवानी ठोकळा भेट दिला. त्यावर थ्री-नॉट-थ्री रायफलची एक गोळी उभी चिरून बसवलेली होती. नुसती गोळी, मागचे पितळी काडतूस नाही, दारू नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाचरे मामांकडे जमलो की बाकीची अंगणात टिकल्या फोडायची आणि मी तो ठोकळा मांडीवर घेऊन बसायचो. चिरलेल्या गोळीच्या पोटात दोन रंग दिसत. मागचा भाग शिशाचा, करडा. टोकाकडे मात्र पांढुरका, चकाकणारा दुसराच धातू होता. तो कसला म्हणून विचारले तेव्हा मामा म्हणाले, ‘‘ॲल्युमिनियम.’’ गोळीत ॲल्युमिनियम कशाला, हा पुढचा प्रश्न साहजिकच होता. त्यावर ते म्हणाले, ‘‘त्यात अर्धं गणित आहे नि अर्धी वकिली. मोठा झालास की वाच.’’ आणि मग थोडे थांबून, ‘‘लोकांना वाटतं, आधी बंदूक आणि मग गोळी. तसं नसतं बाबा. आधी गोळी ठरते. बंदूक तिच्याभोवती घडवतात.’’

मामा गेल्यावर ठोकळा माझ्याकडे आला आणि वाचनही सुरू झाले. मी स्वतः बंदूक चालवली आहे ती एनसीसीत, पॉइंट टू-टूच्या पाच-दहा फैरी, त्याही बहुतेक मातीच्या ढिगात. त्यामुळे हा नेमबाजाचा लेख नव्हे. मामांच्या अर्ध्या गणिताचा शोध घेता घेता मी ज्या गावी पोहोचलो, त्याचा आहे. ते गाव पुणे नव्हते की इंग्लंडातलेही नव्हते. ते होते उत्तर सिंधमधले जेकबाबाद. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि हा उद्योग करणारा माणूस मुंबईच्या तोफखान्यातला अधिकारी होता.

पण त्याच्याकडे जाण्याआधी गोल गोळीचे दुखणे समजून घ्यायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पायदळातल्या सामान्य शिपायाची गोळी म्हणजे शिशाचा गोळा. कंपनी सरकारच्या पलटणींच्या हाती असे ती ‘ब्राऊन बेस’, ठासणीची, आतून गुळगुळीत, पाऊण इंच व्यासाच्या नळीची. गोळी नळीपेक्षा मुद्दाम बारीक ठेवत, कारण चार-सहा बार काढले की नळीत दारूची काजळी साचते आणि घट्ट गोळी आत उतरतच नाही. ढिली गोळी चटकन भरता येई, पण बार निघताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा ठोका ज्या बाजूला बसेल तिकडे तिचे तोंड वळे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम म्हणजे निव्वळ दैव. अफगाणांना हे कळत होते. १८४१-४२ साली काबूलच्या परतीच्या वाटेवर टेकड्यांच्या कडेला बसून ते लांब नळीच्या जेजालीने इंग्रजी फौज टिपत होते आणि खालून सुटणाऱ्या गोळ्या त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. (आपल्या बखरींतून भेटणारी जेजाल ती हीच नव्हे, पण त्याच गोतातली.)

नळीला आतून आटे पाडले की गोळी गिरकी घेत निघते आणि सरळ जाते, हे शिकाऱ्यांना दोन-तीनशे वर्षे ठाऊक होते. अडचण दोन प्रकारची होती. आट्यांत बसायला गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायला वेळ लागतो. शिवाय गोळा तो गोळाच. वजनाच्या मानाने त्याचे अंग वाऱ्याला फार सापडते आणि त्याचा वेग झपाट्याने मरतो. त्याच जाडीची पण लांबट गोळी घेतली तर वाऱ्यापुढे येणारे तोंड तेवढेच राहते आणि मागे वजन मात्र दुप्पट-तिप्पट. मग ती दूर जाते. पण लांब वस्तू हवेत फेकली तर काय होते, ते विटी-दांडू खेळलेल्या कोणालाही विचारावे. ती कोलांट्या खाते. तिला नाकासमोर ठेवायचे तर भोवऱ्यासारखे फिरवावे लागते, आणि जितकी ती लांब तितकी गिरकी जोराची लागते. लांब पल्ल्याच्या गोळीची सगळी कथा या एका वाक्यात आहे. लांबी वाढवा आणि तिला पेलेल इतका आट्यांचा पीळ द्या. वाक्य सोपे आहे. किती लांबीला किती पीळ, हे ठरवायला मात्र माणसांची आयुष्ये गेली.

भरताना ढिली आणि सुटताना घट्ट, अशी गोळी कशी करावी? याचे एक उत्तर दक्षिण हिंदुस्थानातून गेले. चौतिसाव्या पलटणीतल्या कॅप्टन जॉन नॉर्टनने तिथे लोकांना फुंकनळीने बाण मारताना पाहिले. बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर मारली की तो गाभा फुगून नळीला चिकटे आणि वारा बाजूने निसटत नसे. नॉर्टनने १८२३च्या सुमारास तीच युक्ती शिशाला लावली आणि बुडाशी पोकळ असलेली टोकदार गोळी केली. लंडनच्या शस्त्रखात्याने तिच्यात रस घेतला नाही. पुढे १८४९मध्ये फ्रान्सच्या मिनिएने त्याच तत्त्वावर बुडात लोखंडी वाटी बसवलेली गोळी काढली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या हक्कासाठी वीस हजार पौंड मोजले. दक्षिणेतल्या त्या फुंकनळीवाल्यांना काय मिळाले, हे विचारण्यात अर्थ नाही.

आता जॉन जेकब. १८१२ साली सॉमरसेटमध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी मुंबईच्या तोफखान्यात नेमला गेला आणि हिंदुस्थानात आला तो परत मायदेशी गेलाच नाही. लग्न केले नाही. १८४३ला मियानीच्या लढाईत तो सिंध इर्रेग्युलर हॉर्स या घोडदळाचा प्रमुख होता. १८४७पासून त्याचा मुक्काम खानगढ या उजाड ठाण्यावर. तिथे त्याने कालवे काढले, रस्ते आखले, झाडे लावली आणि घड्याळेही बनवली. पुढे त्या वस्तीला त्याच्याच नावाने जेकबाबाद म्हणू लागले. पन्नास अंशांपर्यंत तापणारे हे गाव. चारी बाजूंना सपाट, रखरखीत पट. माझा तर्क असा, की लांब पल्ल्याच्या प्रयोगांना याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. गोळी पडते तिथे धुळीचा लोट उठतो आणि मैलभरावरूनही दिसतो. इंग्लंडच्या हिरव्या, ओल्या कुरणात चुकलेली गोळी कुठे गेली, ते कळतही नाही.

सुरुवात त्याने त्या वेळच्या सरकारी रायफलीपासून केली. ‘ब्रन्सविक’ तिचे नाव. आट्यांच्या दोन खाचा आणि गोल गोळीभोवती एक पट्टा, तो खाचांत बसवून गोळी उतरवायची. जेकबने दोनाच्या चार खाचा केल्या आणि परिणाम चांगला दिसला म्हणून १८४०च्या दशकात वरिष्ठांना कळवले. उत्तराचा आशय असा होता, की राणीच्या फौजेला जी दोन खाचांची रायफल चालते ती कंपनीच्या फौजेलाही चालावी. सरकारी कचेरीशी ज्याचा कधी संबंध आला आहे, त्याला हे उत्तर ओळखीचे वाटेल.

जेकब गप्प बसला नाही. स्वतःच्या पैशाने बंदुका करवून घ्यायच्या, गोळ्यांचे साचे बदलायचे आणि मारून पाहायचे, असे कित्येक वर्षे चालले होते. तीनशे यार्डांपासून दोन हजार यार्डांपर्यंत त्याने मारा करून पाहिला. दोन हजार यार्ड म्हणजे एक हजार आठशेहून अधिक मीटर, मैलापेक्षा जास्त. या प्रयोगांतून तो शेवटी ज्या गोळीवर स्थिरावला ती अशी: गोल नव्हे, लांबट, पुढे निमुळती, लांबी व्यासाच्या साधारण अडीचपट, बूड भरीव, अंगावर चार उभ्या धारा, नळीच्या चार खाचांत नेमक्या बसणाऱ्या. फुगणाऱ्या बुडावर त्याने भिस्त ठेवली नाही. मिनिएच्या गोळीत दारू जास्त झाली की लोखंडी वाटी कधी कधी शिसे फाडून पुढे जाई आणि शिशाचे कडे नळीतच राही. जेकबच्या गोळीला फुगायची गरजच नव्हती. ती आट्यांत बसवूनच आत उतरवायची. धारा खाचांना जुळवून घेण्याची खटपट मात्र शिपायाच्या गळ्यात पडे आणि धामधुमीत हात थरथरत असताना ते सोपे नसणार. हा त्या गोळीतला खरा दोष आहे. जेकबच्या चाहत्यांच्या लिखाणात तो फारसा दिसत नाही.

मग त्या गोळीभोवती बंदूक घडली. मामांचे वाक्य इथे आठवते. दोन नळ्या जोडलेली, प्रत्येक नळी चोवीस इंचांची, बत्तीस बोअरची. जुन्या हिशेबात बोअर म्हणजे एक रत्तल शिशातून त्या नळीच्या मापाच्या किती गोल गोळ्या पडतात ती संख्या. इंचात सांगायचे तर ०.५२४. निशाण धरायची घडीची पट्टी दोन हजार यार्डांपर्यंत आखलेली. आणि आट्यांचा पीळ? चोवीस इंचांत चार-पंचमांश फेरा. म्हणजे तीस इंचांत एक पूर्ण गिरकी.

या तीस इंचांपाशी मी बराच काळ अडलो होतो. १८७९मध्ये वूलिचच्या तोफखाना अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी एक सूत्र मांडले. शिशाच्या लांबट गोळ्यांना ते आजही अंदाजापुरते वापरतात. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या कितीपट आहे ते पाहा; त्या आकड्याने दीडशेला भागा; जे येईल तितक्या व्यासांच्या अंतरात एक गिरकी हवी. जेकबची गोळी अडीचपट लांब. दीडशे भागिले अडीच, साठ. साठ गुणिले ०.५२४, म्हणजे साडेएकतीस इंच. सिंधच्या वाळवंटात, कुठलेही सूत्र हाताशी नसताना, धुळीचे लोट मोजत मोजत हा माणूस तीसवर पोहोचला होता. आणि त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी गणिताने जवळपास तोच आकडा सांगितला. हा हिशेब मी कागदावर तीनदा करून पाहिला.

पल्ला मिळाला, पण मैलभरावर मारायचे काय? इतक्या लांबून सुटलेली त्या काळची गोळी आकाशाकडे तोंड करून जाई आणि शेवटी तिरपी खाली कोसळे. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तरी ती माणसाच्या डोक्यावरून जायची किंवा पायापुढे रुतायची. तिथे एकटा माणूस हे लक्ष्यच नव्हे. मोठे काहीतरी हवे: तोफा, घोडे, दारूच्या पेट्या लादलेले गाडे. तोफखान्यात वाढलेल्या जेकबला ते अचूक सुचले. त्याने गोळीच्या नाकात तांब्याची बारीक नळकांडी बसवून तिचा छोटा स्फोटक गोळा केला. दारूची पेटी लक्ष्य ठेवून तो हजार यार्डांच्या कितीतरी पलीकडून उडवूनही दाखवला. असे दोन नेमबाज दहा मिनिटांत उत्तमातली उत्तम तोफांची बॅटरी नाहीशी करतील, असा त्याचा दावा होता. दावा फुगवलेला आहे. समोरची बॅटरी दहा मिनिटे हातावर हात ठेवून बसत नाही. पण पायदळाची गोळी तोफेला भारी पडू शकते, ही कल्पना त्या वेळी नवी होती आणि पुढची तीस वर्षे सगळ्या युरोपची झोप तिने उडवली.

याच सुमारास इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रकार सरकारच्या सांगण्यावरून तोच प्रश्न सोडवत होता. त्याच्यापाशी पैसा होता, कारखाना होता आणि वारा अडवणारी पाचशे यार्डांची बंदिस्त गॅलरी होती. त्याने नळी षट्कोनी केली, पण खरी गोम ती नव्हती. लष्कराची नवी ‘एनफिल्ड’ रायफल ०.५७७ इंचांची आणि तिची गोळी ५३० ग्रेन वजनाची. व्हिटवर्थनेही गोळी ५३० ग्रेनचीच ठेवली. फक्त तेच शिसे ओढून ०.४५१ इंच जाडीचे आणि व्यासाच्या तिप्पट लांबीचे केले, आणि पीळ ७८ इंचांवरून २० इंचांवर आणला. १८५७च्या एप्रिलमध्ये हाइथ इथे दोन्हींची परीक्षा झाली. पाचशे यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. शिसे तेवढेच, फरक सहापट. चौदाशे यार्डांवर एनफिल्ड निशाणाच्या फळीलाही लागेना. जेकबने पीळ ओळखला, लांबी ओळखली. जाडी मात्र कमी केली नाही. स्फोटक नळकांडी बसवायला गोळी जाड हवी, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. त्याच्या गोळीचे काम निराळे होते.

काम निराळे तर गोळी निराळी, हे आपल्याच सातपुड्यातल्या एका माणसाने त्या वेळी ठासून सांगितले. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकामुळे मध्यप्रांताच्या अभ्यासकांना परिचित असलेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी त्याआधी, १८६३ला, शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिले. जगभर लांबट गोळीचा उदो उदो चाललेला असताना ते म्हणत होते, की जंगलात मोठी गोल गोळीच घ्या. झुडपांतून गवा किंवा वाघ दिसतो तो जवळून आणि क्षणभर. तिथे अंतर मोजून पट्टी चढवायला वेळ कुठला? हलकी गोल गोळी, भरपूर दारू, मंद पीळ. ती जवळच्या पल्ल्यात सरळ रेषेत जाते आणि मोठी जखम करते. फोर्सिथ यांचे म्हणणे मागासलेले वाटते, पण त्यांच्या जागी ते बरोबर होते. उत्तम गोळी म्हणून काही नसते. कोणत्या पल्ल्यावर, कशावर, हे आधी सांगावे लागते.

आणि कोणाच्या हातात, हेही.

एनफिल्डची गोळी नळीपेक्षा जराशी बारीक होती. मधली फट काडतुसाच्या कागदाने भरायची आणि काजळीत गोळी सुलभ सरकावी म्हणून त्या कागदाला चरबी फासायची. काडतुसाचे दुसरे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. गोळीची निवड ही अशी शिपायाच्या तोंडापर्यंत आली. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमच्या छावणीत गाईच्या आणि डुकराच्या चरबीची कुजबुज सुरू झाली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जेकब तेव्हा इराणच्या स्वारीत बुशायरला होता. बंगाल फौजेची रचनाच सडलेली आहे, असे तो आधीपासून लिहीत आला होता आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. त्याचे स्वतःचे सिंधी घोडदळ मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांवर चाले आणि ते शांत राहिले. १८५८मध्ये त्याला स्वतःच्या रायफलींनी सज्ज अशी पलटण उभारण्याची परवानगी मिळाली. देशी शिपायांच्या हातात जगातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या बंदुका! तीच ‘जेकब्ज रायफल्स’. पण त्याच वर्षी डिसेंबरात शेहेचाळिसाव्या वर्षी जेकब जेकबाबादलाच वारला. ‘स्विनबर्न’ या बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा १८६०चा शिक्का असलेल्या त्याच्या रायफली आजही संग्राहकांकडे दिसतात. त्याच्या पश्चात घडवलेल्या.

बंडानंतर सरकारचा हिशेब निराळा झाला. देशी पायदळासाठी १८५८ला एनफिल्डचाच एक नमुना निघाला. बाहेरून हुबेहूब तीच बंदूक, पण नळी आतून गुळगुळीत. आटे काढून टाकलेली. जग लांबट गोळीकडे चालले होते आणि हिंदुस्थानी शिपायाला पुन्हा ब्राऊन बेसच्या काळात नेऊन बसवले. यात तांत्रिक कारण एकही नव्हते. या शिपायाची गोळी गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी लांब जाऊ नये, एवढेच. पुढे अनेक वर्षे हा दंडक राहिला, की देशी पलटणी शस्त्रांत एक पिढी मागे. २७ जुलै १८८०ला अफगाणिस्तानात मैवंदला जनरल बरोजच्या फौजेचा दणदणीत पराभव झाला. अडीच हजारांच्या आसपास लढणारे, त्यांतले जवळजवळ हजार मारले गेले. गोऱ्या ६६व्या पलटणीकडे ‘मार्टिनी-हेन्री’ होती: ४८० ग्रेनची, ०.४५ इंचांची, लांबट गोळी. शेजारी उभ्या मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीकडे आणि जेकब्ज रायफल्सकडे जुनी ‘स्नायडर’: तेवढेच ४८० ग्रेन शिसे, पण ०.५७७ इंचांचे, आखूड, जाडे. मुंबई फौजेच्या पलटणींत कोकण-देशावरचे मराठे आणि महार शिपाई मोठ्या संख्येने असत. मैवंदचा पराभव गोळीमुळे झाला, असे म्हणणे चूक ठरेल. आयूबखानाच्या तोफा जास्त होत्या, ऊन मरणाचे, पाणी नाही, जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या डाव्या टोकाला उघड्यावर होत्या आणि त्या ढासळल्या तेव्हा सगळी फळी कोलमडली. पण जेकबचे नाव लावणाऱ्या पलटणीच्या हातात त्या दिवशी जेकबने तीस वर्षांपूर्वी टाकून दिली असती अशी गोळी होती, हे मला विसरता येत नाही.

इथवर गणित. आता मामांची वकिली.

जेकबच्या स्फोटक गोळीची कल्पना त्याच्याबरोबर मेली नाही. रशियाने १८६३मध्ये दारूचे गाडे उडवण्यासाठी तशीच गोळी केली. कठीण पृष्ठावर आपटली तरच ती फुटे. १८६७ला तिच्यात बदल झाला आणि ती माणसाच्या मऊ अंगातही फुटू लागली. तेव्हा खुद्द रशियन सरकारच दचकले आणि १८६८च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला राष्ट्रांनी जाहीरनामा केला, की चारशे ग्रॅमपेक्षा हलका स्फोटक गोळा युद्धात वापरायचा नाही. शत्रूला लढण्यास असमर्थ करणे पुरे. आधीच जायबंदी झालेल्या माणसाचे हाल वाढवण्याचे कारण नाही, असा त्यामागचा विचार. मापावरून माझा अंदाज असा, की जेकबची गोळी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची असावी. ती या कायद्याने बाद झाली. चारशे ग्रॅमचा आकडा मात्र असा बसवला, की तोफांच्या गोळ्यांना धक्का लागू नये.

मग धूर न करणारी दारू आली, गोळ्या बारीक आणि वेगवान झाल्या, शिशावर कठीण धातूचे कवच चढले. थ्री-नॉट-थ्रीची सुरुवातीची २१५ ग्रेनची कवचबंद गोळी दूर आणि सरळ जाई, पण १८९५च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रार आली, की पठाण ती अंगातून आरपार गेली तरी चालून येतो. त्यावर कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने नाकावरचे कवच थोडे उघडे ठेवून आतले शिसे बाहेर काढले. अंगात शिरताच ते फुलायचे. हा उद्योग झाला तोही त्याच दमदमला. चरबीची कुजबुज निघाली होती त्या गावाचे नाव चाळीस वर्षांनी एका गोळीला मिळाले, ‘डमडम’. १८९९ला हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदी येऊ लागली तेव्हा ब्रिटनने विरोध केला. त्यांच्या प्रतिनिधीचा, सर जॉन आर्डाघ यांचा, युक्तिवाद असा होता, की सुसंस्कृत शिपाई जखमी झाला की थांबतो. रानटी माणूस थांबत नाही, त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. मतदान त्यांच्याविरुद्ध गेले. ब्रिटनने ती बंदी मान्य केली १९०७ साली.

तीन वर्षांनी, १९१०मध्ये, थ्री-नॉट-थ्रीची सातव्या नमुन्याची गोळी आली. १७४ ग्रेनची, सुईसारख्या टोकाची, कवच नाकापर्यंत पूर्ण बंद. हेगच्या अक्षराला कुठेही धक्का नाही. तिच्या पुढच्या भागात मात्र शिशाऐवजी ॲल्युमिनियम, आणि कधी लाकडाचा लगदा, भरलेला असे. टोक लांब ठेवून वजन न वाढवण्याचा तो उपाय होता. वजन मागे राहिल्याने हवेत गिरकी तिला नीट पेलत असे. पण हवेपेक्षा दाट अशा कशात ती शिरली, की मागचे जड बूड पुढे येऊ पाही आणि गोळी आत आडवी होई. विटी.

मामांना हे सगळे ठाऊक असणार. ती त्यांनी वर्षानुवर्षे तपासली होती. लहान मुलाला ते कसे सांगणार? ठोकळा माझ्या टेबलावर आहे. शिसे आता काळवंडले आहे. टोकाकडचे ॲल्युमिनियम मात्र तसेच चकाकते आहे. परवा नातवाने ते बोटाने दाखवून विचारले, ‘‘आजोबा, हे काय?’’ मी म्हटले, ‘‘ॲल्युमिनियम.’’